हिशेबाची कॅसेट आधी, स्पेक्ट्रम नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणच्या घराचा माळा आवरताना वडिलांचा झेडएक्स स्पेक्ट्रम सापडला, सिंक्लेअर कंपनीचा जुना घरगुती कॉम्प्युटर. रबरी कळांचा, ४८के मेमरीचा. मामा बोटीवर होते, त्यांनी १९८४ साली आणून दिलेला. २०२१ च्या पुरात खालचं सगळं गेलं, पण माळा वाचला. सोबत त्याचे प्रोग्रॅम साठवलेल्या आठ-दहा कॅसेट आहेत आणि त्यातल्या एकीवर वडिलांच्या अक्षरात ‘हिशेब’ असं लिहिलंय. मूळ अडॅप्टर नाही, पण राउटरचा नऊ व्होल्टचा आहे आणि त्याची पिन बरोबर बसते. लावून बघू का? मुलगा म्हणतो, हे सगळे खेळ मोबाइलवर फुकट चालतात, तर हा उपद्व्याप कशाला?

लावू नका. पिन बसते हीच खरी गोम आहे. राउटरच्या अडॅप्टरला बहुधा पिनचा आतला भाग धन आणि बाहेरचं कडं ऋण असतं. स्पेक्ट्रमचं नेमकं उलटं आहे: आत ऋण, बाहेर धन. दोन्हीवर ‘९ व्होल्ट’ लिहिलेलं असतं, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. गेली वीसेक वर्षं पुण्यात मी जुने घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, आणि माझ्या टेबलावर येणारी निम्मी मशीनं म्हातारपणाने नाही, ‘जरा लावून बघितलं’ने गेलेली असतात.

तर मशीन फडक्यात गुंडाळून पुन्हा वर ठेवा. तुमच्याकडे जे सापडलंय त्यात सगळ्यात मौल्यवान वस्तू ती नाहीच. स्पेक्ट्रम जगभरात पन्नास लाखांहून जास्त विकले गेले; तुमचा गेलाच तर दुसरा मिळेल. खेळांच्या कॅसेटचंही तेच, त्यांच्या प्रती जगाच्या कानाकोपऱ्यात पडल्या आहेत. ‘हिशेब’ची प्रत एकच आहे, ती तुमच्या हातात आहे, आणि कोकणातल्या चाळीस पावसाळ्यांनी तिच्यावर काय केलंय ते अजून कुणाला माहीत नाही. म्हणून काम उलट्या क्रमाने करायचं: आधी कॅसेट, मग मशीन.

कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. पांढरट पावडरीसारखे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट तशीच वाजवली तर बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडवर बसते आणि तिथून बाकीच्या सगळ्या कॅसेटना प्रसाद मिळतो. ती वेगळी काढा, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा, मग पेन्सिलीने हळूहळू फिरवत, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने फीत पुसून घ्या. तोंडाला मास्क बांधा, थट्टा नाही. फितीच्या मागे फोमचा किंवा फेल्टचा एक इवलासा चौकोन असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद सुकून तो पडलेला असतो. पडला असेल तर जुन्या भजनाच्या कॅसेटमधला काढून लावा, चालतं.

आणि वाजवण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या पाकळ्या मोडून टाका. आपल्याकडे त्या आधीच मोडलेल्या असायच्या आणि वर सेलोटेप चिकटवलेली असायची, कारण गाण्याच्या कॅसेटवरच प्रोग्रॅम साठवायची पद्धत होती. सेलोटेप असेल तर काढा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाण्याची भीती तिथल्या तिथे संपते.

टेपरेकॉर्डर कुठला? साधा, मोनो, पट्टे बदललेला. जुन्या डेकचे रबरी पट्टे काळ्या काकवीसारखे वितळलेले असतात, ते आधी बदलून घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत अजून मिळतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग हेडच्या बाजूचा तो लहान स्क्रू, ज्याला हात लावायला सगळे घाबरतात. वडिलांनी ज्या टेपरेकॉर्डरवर ही कॅसेट भरली त्याचं हेड त्या वेळी जितकं तिरकं होतं, तितकंच तुमचं आज तिरकं पाहिजे. कंपनीने ठरवलेलं ‘बरोबर’ इथे कामाचं नाही, त्या कॅसेटचं बरोबर ते बरोबर. कॅसेट चालू ठेवून स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी असा मागेपुढे फिरवा, आवाज सगळ्यात टोकदार आणि किणकिणता ऐकू येईल तिथे थांबा.

मग हा आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा. ४४.१ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, डॉल्बी बंद, आवाज स्वच्छ करणारं काहीही असेल तर ते बंद. डेक स्टिरिओ असेल तर एकच बाजू घ्या. दोन्ही मिसळल्या की त्यांच्यातल्या किंचित फरकाने वरचे सूर एकमेकांना खातात. आणि ही फाइल कुणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट करून पाठवू नका. माणसाच्या कानाला न कळणारी माहिती तिथे छाटली जाते, आणि स्पेक्ट्रमचा कान माणसाचा नाही.

हा आवाज म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगतो. या जुन्या मशीनांमध्ये लोकांचा जीव का अडकलाय ते मला इथेच कळलं.

सुरुवातीला पाच सेकंद एकसुरी पीऽऽऽ ऐकू येतं. ती साधारण ८०७ हर्ट्झची शिट्टी आहे, मशीनने वेग पकडावा म्हणून. मग क्षणभर खर्रर्र. त्यात फक्त सतरा बाइट असतात, आणि त्यातले दहा प्रोग्रॅमच्या नावाचे. म्हणून स्पेक्ट्रमवर कुठलंही नाव दहा अक्षरांहून मोठं नसतं. थोडी शांतता, पुन्हा दोनेक सेकंद शिट्टी, आणि मग लांबलचक खरखर. या खरखरीत शून्याचा ठोका छोटा आणि एकाचा बरोबर दुप्पट लांब. सेकंदाला सरासरी दीडेक हजार बिट. संपूर्ण ४८के भरणारा खेळ चढायला चार-पाच मिनिटं लागायची ती यामुळे.

तेवढा वेळ स्क्रीनच्या चौकटीवर पट्टे धावत असतात. आधी लाल आणि आकाशी, जाडे. मग निळे आणि पिवळे, बारीक, थरथरते. लहानपणी आम्हाला वाटायचं की ती नुसती सजावट आहे, पोरांचा वेळ जावा म्हणून. तसं नाही. स्पेक्ट्रममध्ये चौकटीचा रंग, आतला छोटा स्पीकर आणि कॅसेटची ये-जा हे सगळं एकाच दारातून होतं, पोर्ट क्रमांक २५४. कॅसेटवरचा प्रत्येक चढ-उतार ऐकू आला की मशीन चौकटीचा रंग पालटतं. टीव्ही एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत रंगवतो. शिट्टीचा अर्धा ठोका ६१९ मायक्रोसेकंदांचा, म्हणून तिचा पट्टा जवळजवळ दहा ओळी जाड. शून्याचा सुमारे चार ओळी, एकाचा आठ. म्हणजे तुम्ही पडद्यावर जे बघताय ती कॅसेटच आहे, डोळ्यांना दिसणारी.

त्या पट्ट्यांवरून मी नाडी बघतो. लाल-आकाशी रंग सेकंदाला एकदा निवांत बदलतोय, तर मशीनला काहीच ऐकू येत नाहीये. वायर किंवा आवाज बघा. पट्टे आहेत पण एक जाड, एक बारीक असे लंगडतायत, तर आवाजाची पातळी चुकलीय. सगळे हळूहळू वर-खाली सरकतायत पण सारख्या जाडीचे आहेत, तर उत्तम, गप्प बसा आणि टेबलाला धक्का देऊ नका. हे आम्ही शाळेत असताना कुणी न शिकवता शिकलो होतो. मधेच ‘टेप लोडिंग एरर’ आलं की रडायचं कुणी नाही, स्क्रू-ड्रायव्हर शोधायचा.

तर रेकॉर्ड केलेली वेव्ह फाइल टॅप किंवा टीझेडएक्स या स्पेक्ट्रमच्या कॅसेटसाठीच्या फाइलमध्ये बदलून घ्या. फ्यूज नावाचा एक फुकट एमुलेटर आहे, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्याच्याबरोबरच्या साधनांमध्ये ऑडिओटूटेप नावाचं एक आहे, ते हे काम करतं. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ताळा पडताळायचा एक बाइट असतो, त्यामुळे तुकडा धड आला की नाही ते लगेच कळतं. नाही आला तर हेडचा स्क्रू किंचित हलवून पुन्हा. एकेका कॅसेटला मी सात-आठ वेळा वाजवलंय. घाई करू नका.

हे काम तुमच्या मुलाला द्या. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खेळच खेळायचे असतील तर एमुलेटर पुरतो, मीही बहुतेक वेळा तेच करतो. स्पेक्ट्रमची रॉम, म्हणजे मशीनमध्ये कायमचा भरलेला प्रोग्रॅम, एमुलेटरबरोबर वाटायला अ‍ॅमस्ट्रॅडने पूर्वीच मुभा दिलेली आहे. या कंपनीने १९८६ साली सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा पन्नास लाख पौंडांना विकत घेतला होता. म्हणजे त्या बाबतीत मनात चोरटेपणाही नको. आणि गंमत बघा, वडिलांचा हिशेब सगळ्यात आधी उघडणार आहे तो त्याच्याच लॅपटॉपवर, तुमच्या स्पेक्ट्रमवर नाही.

आता मशीन. मूळ अडॅप्टरऐवजी ९ व्होल्टचा, निदान दीड अँपिअरचा, आत ऋण असलेला घ्या किंवा एखाद्या रेडिओवाल्याकडून पिनच्या तारा उलट करून घ्या आणि मीटरने खात्री करा. कुणी मूळ सिंक्लेअरचा अडॅप्टर आणून दिला आणि तो मीटरवर बारा-तेरा व्होल्ट दाखवत असेल तर दचकू नका. भार नसताना तो तितके दाखवतोच.

पण वीज देण्याआधी उघडायचं. खाली पाच स्क्रू आहेत. झाकण हळूच उचला, कारण वरच्या भागातून कीबोर्डच्या दोन पातळ फिती खाली बोर्डात गेलेल्या असतात आणि चाळीस वर्षांनी त्या पापडासारख्या मोडतात. एक फीत पाच तारांची, एक आठ तारांची. पाच आठे चाळीस, म्हणून चाळीस कळा. यातूनच रोग ओळखता येतो: १ ते ५ अशा शेजारच्या पाच कळा एकदम मेल्या तर आठाच्या फितीतली एक तार गेली. आणि १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट या डाव्या काठाच्या आणि ०, पी, एंटर, स्पेस या उजव्या काठाच्या अशा आठ कळा एकत्र मेल्या तर पाचाच्या फितीतली. दोन्ही बाबतींत इलाज एकच, कळांखालचा या फितींसकटचा पातळ पडदा नवीन घालायचा. तो आजही बनवला जातो, बाहेरून मागवावा लागतो.

बोर्डावरचे दहा-एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट बदलून टाका. मग वीज द्या आणि टीव्हीकडे न बघता मीटर घ्या. खालच्या १६के मेमरीच्या ४११६ चिप आठ आहेत. त्यातल्या कुठल्याही एकीच्या पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२, नवव्यावर ५ व्होल्ट पाहिजेत. उणे ५ नसेल तर ताबडतोब पिन काढा. या चिपना तीन तऱ्हेची वीज लागते आणि उणे ५ शिवाय बाकीची मिळत राहिली तर त्या जळतात. हे व्होल्टेज तयार करणारा टीआर४ हा ट्रान्झिस्टर या मशीनचा सगळ्यात हळवा अवयव. स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटण नाही, आणि लोक मशीन चालू असतानाच मागच्या फटीत जॉयस्टिकची पेटी खुपसायचे. तिरकी बसली की गेला टीआर४, आणि जाताना दोन-तीन चिप घेऊन.

व्होल्टेज नीट असतील तर खाली १९८२ आणि सिंक्लेअर रिसर्चचं नाव येईल. आता प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ टाइप करा. ६५५३५ आलं तर पूर्ण ४८के जिवंत आहे. ३२७६७ आलं तर वरची ३२के मेमरी झोपलीय आणि मशीन स्वतःला १६के समजतंय. तेही वाईट नाही, जेटपॅक हा खेळ त्यातही चालतो.

टीव्ही मात्र डोकेदुखी. स्पेक्ट्रम अँटेनाच्या वायरीतून यूएचएफ ३६ नंबरवर बोलतो आणि आजच्या टीव्हीला ते पकडून देणं म्हणजे आजोबांना रील दाखवण्याइतकं सोपं. चित्र अँटेनाच्या सिग्नलमध्ये बदलणारा मॉड्युलेटर बाजूला करून आतला कॉम्पोझिट सिग्नल थेट त्याच भोकाला जोडून घ्या, कुणीही बरा रेडिओ दुरुस्त करणारा दहा मिनिटांत करून देईल.

इथे एक आठवण सांगायचा मोह आवरत नाही. आपल्याकडे १९८४-८५ च्या सुमारास सरकारच्या क्लास योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर मिळाले, पण घरात कॉम्प्युटर म्हणजे तुमच्या मामांसारख्या कुणाच्या तरी बॅगेतून आलेला. डेसिबेल्स या कंपनीचा परवान्याने बनवलेला देशी स्पेक्ट्रम आला तो नंतर. आणि तो जोडायचा तो घरातल्या एकुलत्या एका कृष्णधवल टीव्हीला, तोही शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा नसेल तेव्हा. मी मॅनिक मायनर या खेळाच्या वीसही गुहा राखाडी रंगात पार केल्या. तरी काही अडलं नाही. पुढे कळलं की स्पेक्ट्रमचे आठ रंग काळा, निळा, लाल, जांभळा, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा अशा क्रमाने आहेत, म्हणजे कमी उजेडाकडून जास्त उजेडाकडे. कृष्णधवल टीव्हीवर त्यांची पायऱ्यापायऱ्यांची करडी शिडी व्हावी हे त्यात आपोआप साधतं. मी पहिल्यांदा रंगीत स्पेक्ट्रम बघितला तेव्हा मला तो भडक आणि जरा उथळ वाटला होता!

रंगीत बघितल्यावर दोषही दिसतात. स्क्रीन २५६ गुणिले १९२ ठिपक्यांची, पण प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग नाही. आठ बाय आठच्या चौकोनाला दोनच रंग. म्हणून हिरव्या वेलीपुढून पांढरा माणूस गेला की वेल पांढरी होते किंवा माणूस हिरवा. प्रत्येक ठिपक्याला सोळांतला (आठ रंग, साधे आणि उजळ) एक रंग द्यायचा तर २४,५७६ बाइट लागले असते, आणि सगळ्यात स्वस्त मॉडेलची एकूण मेमरीच १६,३८४. सिंक्लेअरने ते ६,९१२ बाइटांत बसवलं आणि १६के मशीन १२५ पौंडांना विकलं. मॅथ्यू स्मिथसारखी विशीही न गाठलेली पोरं याच चौकटीत बसून खेळ लिहीत होती. त्याच्या मॅनिक मायनरमध्ये खेळ चालू असताना संगीत वाजतं, तेही अशा मशीनवर जिथे स्पीकरचा पडदा प्रोसेसरलाच आत-बाहेर ढकलावा लागतो. खेळ थोडा, सूर थोडा, खेळ थोडा, सूर थोडा. लक्ष देऊन ऐका, तो आवाज घोगरा का आहे ते कळेल.

मुलाला खऱ्या मशीनवर एकदा तरी खेळायला लावा, ते मात्र याच्यासाठी. मोबाइलवर उडी किंचित उशिरा लागते आणि काचेवर बोट सरकतं. मॅनिक मायनरमध्ये उडीचा अंदाज ठिपक्यांत चुकतो. रबरी कळ मऊ आहे, ‘मेलेलं मांस’ म्हणून तिची टिंगल व्हायची, पण बोटाला ती कुठे आहे ते कळतं. टाइप करताना कळांची टिकटिक अगदीच दबकी वाटली तर पोक २३६०९, १०० करा. पोरांना आवडतं, बाकी घराला नाही.

आता ‘हिशेब’. वेव्ह फाइल नीट तयार झाली की ती मोबाइलवरूनसुद्धा स्पेक्ट्रमच्या इअर लिहिलेल्या भोकात वाजवता येते, आवाज पूर्ण ठेवून. जे ही कळ दाबली की लोड हा पूर्ण शब्द उमटतो, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी, दोन अवतरणचिन्हं, एंटर. पहिल्या खरखरीनंतर प्रोग्रॅम असा शब्द आणि त्यापुढे वडिलांनी कधीतरी टाइप केलेलं नाव येईल, दहा अक्षरांच्या आतलं.

चढून झाल्यावर रन करू नका. हे मी स्वतः चुकून शिकलोय. एका गृहस्थांनी त्यांच्या आईच्या भिशीची कॅसेट आणली होती. मी लोड केली, रन दाबलं, प्रोग्रॅमने निमूटपणे पहिलं नाव विचारलं. यादी कोरी. आत काही नाही म्हणून मी कॅसेट परत केली. दोन महिन्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं: स्पेक्ट्रम सेव्ह करताना प्रोग्रॅमबरोबर त्या क्षणीची सगळी व्हेरिएबलही, म्हणजे त्यात भरलेली नावं आणि आकडेही, साठवतो, आणि रन ती पुसून मगच सुरुवात करतो. नावं कॅसेटवर होतीच. मीच ती पुसून कोरी यादी बघत बसलो होतो. फोन केला तोवर त्यांनी कॅसेट रद्दीत दिली होती, आणि मी तिची प्रतही ठेवली नव्हती.

म्हणून आधी लिस्ट करा, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळींची यादी दिसेल. लोड होताच प्रोग्रॅम आपोआप पळायला लागत असेल तर लोडऐवजी मर्ज वापरा, मग तो थांबून राहतो. यादीत डिम, म्हणजे तक्त्यासाठी जागा करणारा आदेश, असलेली ओळ शोधा. डिमवरून गेलात तरी तो तक्ता कोरा होतो, तेव्हा रनऐवजी गो टू आणि ओळीचा आकडा द्यायचा, त्याने व्हेरिएबल पुसली जात नाहीत, आणि तो आकडा डिमच्या पुढच्या ओळीचा. तो आकडा शोधायला कदाचित कष्टही पडणार नाहीत. हिशेब ठेवणारी माणसं असं काही बहुधा लिहून ठेवतात. कॅसेटच्या डबीतला कागद बाहेर काढून आतल्या बाजूने बघा.